रात्रभर भिजवलेले ओट्स: बरणीत नाश्ता आहे की मिठाई?

गेल्या काही वर्षांत अनेक घरांच्या फ्रिजमध्ये एक नवी बरणी दिसू लागली आहे. रात्री ओट्समध्ये दूध किंवा दही घालायचे, झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवायचे आणि सकाळी गॅस न पेटवता खायचे. पहाटेची लोकल पकडणारे नोकरदार, खोली घेऊन राहणारे विद्यार्थी आणि एकटे राहणारे ज्येष्ठ नागरिक या सगळ्यांना ही सोय पटते. मोबाइलवरच्या छोट्या व्हिडिओंमुळे ही कृती आता लहान गावांतही पोहोचली आहे.

त्याबरोबर दवाखान्यातले प्रश्नही बदलले आहेत. 'पोहे-उपमा बंद करून हेच खाऊ का?', 'याने साखर उतरते ना?', 'कोलेस्टेरॉलची गोळी कमी होईल का?' असे प्रश्न आता नेहमी विचारले जातात. थोडक्यात उत्तर असे: भिजवलेले ओट्स हा चांगला नाश्ता होऊ शकतो, पण ते औषध नाही. आणि त्याच बरणीत आपण आणखी काय घालतो, यावर ती बरणी नाश्ता ठरणार की मिठाई, हे ठरते.

हा विषय आताच महत्त्वाचा का?

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणजे 'आरोग्यदायी' असे लिहिलेला कोणताही नाश्ता घरात आला, की तो खाणाऱ्यांत साखर वाढलेली एखादी व्यक्ती असण्याची शक्यता बरीच आहे.

दुसरीकडे, बाजार आणि नियम यांची गती सारखी नाही. एप्रिल २०२४ मध्ये अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सांगितले की दूध, धान्य किंवा माल्टपासून बनवलेली पेये 'हेल्थ ड्रिंक' या सदराखाली विकू नका. कारण 'हेल्थ ड्रिंक' या शब्दाची कायद्यात व्याख्याच नाही. जुलै २०२४ मध्ये याच संस्थेने पाकिटावर साखर, मीठ आणि संपृक्त चरबीचे आकडे ठळक आणि मोठ्या अक्षरांत छापण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली आणि त्यावर हरकती व सूचना मागवल्या. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाकिटाच्या दर्शनी भागावरील इशाऱ्यांबाबतचे काम मुदतीत पुरे करण्यास सांगितले.

याच काळात, २२ सप्टेंबर २०२५ पासून, कॉर्नफ्लेक्स आणि धान्याच्या फ्लेक्सपासून बनवलेल्या तयार पदार्थांवरील जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ग्राहकाच्या खिशासाठी ही चांगली गोष्ट आहे. परंतु या करकपातीत साखर घातलेला आणि न घातलेला पदार्थ असा भेद नाही. त्यामुळे न्याहारीचे गोड पाकीट आता अधिक घरांना परवडेल, आणि ते वाचून पारखण्याची जबाबदारी मात्र घेणाऱ्यावरच राहील. भिजवलेल्या ओट्सचा विचार या पार्श्वभूमीवर करायला हवा.

ही कृती मुळात एका डॉक्टरची

ओट्स रात्री भिजवून सकाळी कच्चेच खाण्याची पद्धत नवी नाही. मॅक्स बिर्खर-बेनर या स्विस डॉक्टरांनी १९०० च्या सुमारास झुरिकमध्ये आपल्या रुग्णांना असा पदार्थ द्यायला सुरुवात केली. आज आपण ज्याला म्युस्ली म्हणतो त्याचा हा पूर्वज. त्यांची मूळ कृती पाहण्यासारखी आहे: फक्त एक मोठा चमचा ओट्स बारा तास पाण्यात भिजवायचे, त्यात एक मोठे सफरचंद सालीसकट किसून घालायचे, लिंबाचा रस, थोडे आटवलेले गोड दूध आणि वरून बदाम किंवा अक्रोडाचा कूट. म्हणजे मुख्य पदार्थ होता ताजे फळ, आणि ओट्स चमचाभर. आजच्या अनेक बरण्यांत हे प्रमाण उलटे झाले आहे, आणि ताज्या फळाची जागा मध, चॉकलेट आणि सिरपने घेतली आहे.

ओट्समध्ये खरोखर काय आहे?

ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतुमय पदार्थ असतो. ओट्स भिजल्यावर जो बुळबुळीतपणा येतो, तो याचाच. पोटात गेल्यावर तो जेलीसारखा घट्ट होतो, त्यामुळे अन्न सावकाश पुढे सरकते आणि साखर रक्तात हळूहळू उतरते. आतड्यात तो पित्तरसातील आम्लांना धरून ठेवतो. ती शौचावाटे बाहेर गेली की नवी आम्ले तयार करण्यासाठी यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल वापरते, आणि म्हणून 'वाईट' समजले जाणारे एलडीएल थोडे उतरते.

यातला 'थोडे' हा शब्द महत्त्वाचा आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये ओट्सबाबतचा हृदयविषयक दावा मान्य केला, तेव्हा रोज किमान ३ ग्रॅम विरघळणारे तंतू पोटात जावेत आणि आहारात संपृक्त चरबी व कोलेस्टेरॉल कमी असावे, अशी अट घातली. साध्या ओट्समध्ये बीटा-ग्लुकनचे प्रमाण ढोबळमानाने ४ टक्के असते. म्हणजे ४० ग्रॅम ओट्सच्या बरणीतून सुमारे दीड ग्रॅम मिळते, आवश्यक मात्रेच्या जवळपास निम्मे. उरलेले दिवसभरात दुसरीकडून यायला हवे. रोज ३ ग्रॅम नियमित घेतले तरी एलडीएल साधारण ५ ते ७ टक्क्यांनी उतरते. स्टॅटिन गटातील गोळी ते मात्रेनुसार ३० ते ५० टक्क्यांनी उतरवते. म्हणून ओट्स सुरू केले म्हणून गोळी बंद करू नका. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या किंवा स्टेंट बसवलेल्या रुग्णाने स्वतःच्या मनाने स्टॅटिन थांबवणे जिवावर बेतू शकते.

कोणते ओट्स घेतो, हेही पाहावे. अख्ख्या दाण्याचे तुकडे केलेले 'स्टील-कट' आणि जाडसर चपटे केलेले 'रोल्ड' ओट्स सावकाश पचतात. रोल्ड ओट्सच्या लापशीचा ग्लायसेमिक इंडेक्स साधारण ५५ धरला जातो, तर बारीक केलेल्या 'इन्स्टंट' ओट्सचा ७९ च्या आसपास. धान्य तेच, पण जितके बारीक आणि जितके आधी शिजवलेले, तितकी साखर लवकर चढते. रात्रभर भिजवण्यासाठी रोल्ड ओट्स सर्वांत सोयीचे. कारखान्यात ते आधीच वाफवलेले असतात, म्हणून न शिजवता खाता येतात. स्टील-कट ओट्स नुसते भिजवून बऱ्याच जणांना चावायला आणि पचायला जड जातात.

दोन बरण्यांचा हिशोब

व्हिडिओंत दिसणारी एक नेहमीची बरणी घेऊ: ४० ग्रॅम ओट्स, १५० मिलिलिटर दूध, दोन मोठे चमचे मध, एक केळे आणि चार खजूर. कर्बोदकांची बेरीज अंदाजे अशी होते: ओट्सचे २७ ग्रॅम, दुधाचे ७, मधाचे ३४, केळ्याचे २७ आणि खजुरांचे २०. एकूण ११५ ग्रॅम. तीस ग्रॅम कणकेच्या एका पोळीत सुमारे २० ग्रॅम कर्बोदके असतात. म्हणजे ही 'हलकी' बरणी साधारण पावणेसहा पोळ्यांच्या बरोबरीची झाली. सकाळी नाश्त्याला एवढ्या पोळ्या खायला मधुमेही रुग्णाला आपण सांगणार नाही.

मध नैसर्गिक असला तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत तो वरून घातलेल्या साखरेतच मोजला जातो. अशी साखर दिवसभरातील एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांपेक्षा कमी आणि जमल्यास ५ टक्क्यांपेक्षा कमी ठेवावी, असे ही संघटना सांगते. दोन हजार कॅलरीच्या आहारात ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. दोन चमचे मधात ही मर्यादा नाश्त्यालाच ओलांडली जाते. गूळ आणि काकवी यांनाही हाच नियम लागू आहे.

आता दुसरी बरणी: ४० ग्रॅम ओट्स, १०० मिलिलिटर दूध, १०० ग्रॅम दही, अर्धे सफरचंद आणि मोठा चमचाभर भाजलेले शेंगदाणे. यात कर्बोदके सुमारे ५० ग्रॅम, म्हणजे अडीच पोळ्यांइतकी, आणि प्रथिने साधारण १५ ग्रॅम. पोट भरते आणि भूक लवकर लागत नाही. दोन्ही बरण्यांत ओट्स अगदी सारखेच आहेत, आणि फरक बाकीच्या जिनसांनी केला आहे.

पाकीट कसे वाचावे?

पाकिटाचा दर्शनी भाग जाहिरातीचा असतो. म्हणून पाकीट उलटे करा.

• घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. साध्या ओट्सच्या पाकिटावर एकच घटक हवा: ओट्स. पहिल्या तीन-चार नावांत साखर, ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, मध किंवा गूळ दिसला, तर तो गोड पदार्थ समजावा.
• पोषणतक्त्यात 'ॲडेड शुगर' ही ओळ पाहा. आकडा १०० ग्रॅमसाठी आहे की एका वाढपासाठी, हे तपासा. वाढप ३० ग्रॅमचे दाखवलेले असते आणि आपण ६० ग्रॅम खातो, तेव्हा साखरही दुप्पट होते.
• मसाला ओट्स घेत असाल तर सोडियम पाहा. दिवसाला ५ ग्रॅम मीठ म्हणजे सुमारे २००० मिलिग्रॅम सोडियम. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी हा आकडा लक्षात ठेवून पाकीट निवडावे.
• 'मल्टिग्रेन', 'नॅचरल', 'फिटनेस' या शब्दांवरून साखरेबद्दल काहीच कळत नाही.

घरी कसे करावे?

एका व्यक्तीसाठी ४० ग्रॅम रोल्ड ओट्स घ्यावेत, साधारण अर्धा कप. ते स्वच्छ, कोरड्या, झाकणाच्या काचेच्या बरणीत घालून त्यात उकळून पूर्ण गार केलेले १०० मिलिलिटर दूध आणि छोटी वाटी ताजे दही घालावे. वेलची किंवा दालचिनीची पूड चवीपुरती. नीट ढवळून सहा ते आठ तास फ्रिजमध्ये ठेवावे. सकाळी सफरचंद, पेरू किंवा पपईच्या फोडी आणि शेंगदाणे, बदाम किंवा जवसाची भाजून केलेली पूड घालावी. फळ सकाळीच चिरावे, म्हणजे पाणी सुटत नाही आणि काळे पडत नाही.

गोड नको असेल तर आपल्या दहीपोह्यांसारखे करावे. ओट्स ताकात किंवा पातळ दह्यात भिजवावेत. सकाळी किसलेली काकडी, गाजर आणि कोथिंबीर घालून वरून चमचाभर तेलात मोहरी, जिरे, हिंग, कढीपत्त्याची फोडणी द्यावी. मीठ बेताचे. मधुमेह असलेल्या अनेकांना हा प्रकार अधिक सोयीचा ठरतो, कारण त्यात गोडाचा मोह राहत नाही.

तंतुमय पदार्थांची सवय नसेल तर पहिल्या आठवड्यात अर्धेच प्रमाण घ्यावे. एकदम जास्त खाल्ल्यास पोट फुगते आणि गॅस होतो. दिवसभर पाणीही पुरेसे प्यावे.

फ्रिजबाहेर ठेवू नका

हा पदार्थ खाण्यापूर्वी शिजवला जात नाही. त्यामुळे भिजवताना वाढलेले जंतू मारायला पुढे उष्णताच मिळत नाही. ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात, आणि महाराष्ट्रातील एप्रिल-मे महिन्यांतल्या रात्री स्वयंपाकघर याच पट्ट्यात असते. म्हणून बरणी फ्रिजमध्येच, ५ अंशांच्या खाली ठेवावी. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिली तर खाऊ नये. कडक उन्हाळ्यात ही मर्यादा एक तासाची समजावी. डब्यात न्यायचे असल्यास सोबत बर्फाची पिशवी ठेवावी, नाहीतर घरीच खाऊन निघावे.

वीज गेल्यास बंद फ्रिज साधारण चार तास थंडावा धरून ठेवतो, दार उघडले नाही तरच. जिथे रात्री तासन्‌तास भारनियमन असते, तिथे हा पदार्थ न केलेलाच बरा. तिथे ओट्स सकाळी पाच मिनिटे शिजवून गरम खावेत. केलेली बरणी दोन दिवसांत संपवावी. वास, चव किंवा रंग बदलला तर टाकून द्यावी. पण वास चांगला आहे म्हणजे पदार्थ सुरक्षित आहे, असेही समजू नये.

कोणी विशेष काळजी घ्यावी?

मधुमेहाचे रुग्ण: इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी नाश्ता एकदम बदलू नये. जड नाश्त्याच्या जागी छोटी बरणी आली आणि औषधाची मात्रा तीच राहिली, तर साखर फार खाली जाऊ शकते. घाम येणे, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे. घरी ग्लुकोमीटर असेल तर नेहमीच्या नाश्त्यापूर्वी व दोन तासांनी आणि मग भिजवलेल्या ओट्सपूर्वी व दोन तासांनी, अशी दोन-तीन दिवस साखर तपासून लिहून ठेवा. बहुतेक प्रौढांसाठी दोन तासांनंतरची साखर १८० च्या आत असावी. तुमच्या डॉक्टरांनी वेगळे लक्ष्य दिले असेल तर तेच पाळा. तुमच्या शरीराला हा नाश्ता मानवतो का, याचे उत्तर त्या वहीत मिळेल.

थायरॉइडची गोळी घेणारे: थायरॉक्सिन उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावे आणि नंतर अर्धा ते एक तास थांबून मगच ओट्स खावेत. दूध आणि तंतू गोळीचे शोषण कमी करतात. रोज एकाच पद्धतीने घ्या, म्हणजे तपासणीचे आकडे विश्वासार्ह येतील.

लोहाची गोळी घेणारे: यात बहुतांश गर्भवती महिला येतात. दुधातले कॅल्शियम आणि ओट्समधील फायटेट लोहाचे शोषण रोखतात. गोळी या नाश्त्याबरोबर घेऊ नये. मध्ये दोन तासांचे अंतर ठेवावे.

मूत्रपिंडाचे रुग्ण: दूध, दही, केळे, खजूर आणि सुकामेवा यांतून पोटॅशियम आणि फॉस्फरस बरेच जाते. पाण्याची मर्यादा घालून दिलेल्यांनी बरणीतले दूधही त्यात मोजावे. आपल्या नेफ्रॉलॉजिस्टना किंवा आहारतज्ज्ञांना विचारूनच सुरू करावे.

सिलिॲक आजार असलेले: ओट्स शेतात, गोदामात आणि गिरणीत गव्हात मिसळतात. 'ग्लूटेन-फ्री' असे स्पष्ट लिहिलेलेच घ्यावेत, आणि तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने, कारण काही रुग्णांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत.

प्रतिकारशक्ती कमी असलेले: केमोथेरपी सुरू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले, गर्भवती आणि अशक्त वृद्ध यांनी न शिजवलेल्या बरणीऐवजी ताजी गरम लापशी खावी.

लहान मुले आणि गिळायला त्रास होणारे: एक वर्षाखालील बाळाला मध अजिबात देऊ नये. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे बदाम किंवा शेंगदाणे देऊ नयेत. कूट करून घालावा. पक्षाघातानंतर गिळायला त्रास होत असेल तर चिया बी टाळावे. कोरडे चिया कोणीच गिळू नये, ते पाणी शोषून अन्ननलिकेत अडकू शकते.

ओट्सच हवेत का?

नाही. भारतात ओट, म्हणजे जई, हे मुख्यतः जनावरांच्या चाऱ्याचे पीक आहे. आपल्या ताटात ते अलीकडे आले. ज्यांना ते आवडत नाही किंवा परवडत नाही, त्यांचे काही अडत नाही. बीटा-ग्लुकन जवातही भरपूर असते. ज्वारी-बाजरीची भाकरी, मिश्र पिठांचे थालीपीठ, मोडाची मटकी यांतूनही तंतू मिळतात. रात्री भिजवून सकाळी खाण्याची युक्तीही आपल्याला परकी नाही. नाचणीचे पीठ रात्री भिजवून सकाळी ताक घालून शिजवलेले आंबील हे त्याचेच रूप आहे, आणि ते शिजवलेले असल्याने अधिक सुरक्षितही आहे. उलट, रोज बेकरीची खारी, टोस्ट आणि गोड चहा असा नाश्ता होत असेल, तर साखर न घातलेली ओट्सची बरणी हा नक्कीच चांगला बदल आहे. घरातल्या भाकरी-उसळीच्या जागी मध घातलेली बरणी आणणे हा मात्र तोट्याचा व्यवहार आहे.

पाकिटावरचे इशारे मोठ्या अक्षरांत येतील तेव्हा येतील. तोवर घरच्या घरी तीन गोष्टी करता येतात: एकच घटक असलेले ओट्स घ्या, मध-गूळ-सिरप बाहेर ठेवा, आणि नाश्ता बदलला की आपली साखर आणि औषधांच्या वेळा तपासा. पुढच्या भेटीला तुम्ही काय खाता, किती खाता आणि नोंदवलेले आकडे डॉक्टरांना दाखवा. औषध कमी करायचे की नाही, हे त्या आकड्यांवरून दोघांनी मिळून ठरवायचे असते.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. आपल्या आजारानुसार आहारात बदल करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)